एका कंटेनरमधले चार मदतनीस: पुण्यातील एका रिपोर्ट सेवेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या ऑनलाइन रिपोर्ट सेवेचे आहे. प्रयोगशाळेची आणि ती सेवा चालवणाऱ्या आमच्या कंपनीची ओळख येथे मुद्दाम दिलेली नाही. कोथरूड, सिंहगड रस्ता, हडपसर, चिंचवड अशा भागांतील संकलन केंद्रांवर सकाळी रक्ताचे नमुने घेतले जात, ते मध्यवर्ती प्रयोगशाळेत जात, यंत्रांवरून आलेले आकडे तपासून डॉक्टर मान्यता देत आणि त्यानंतर आमचे ॲप रिपोर्टची पीडीएफ तयार करून रुग्णाच्या मोबाइलवर दुवा पाठवत असे. बाणेरच्या कार्यालयात बसणारा आमचा सहा जणांचा गट हे सगळे सांभाळत होता आणि मी त्या गटात होतो.

सेवा आधी एकाच व्हर्च्युअल मशीनवर चालत असे. मुख्य वेब ॲपच्या जोडीला तेथे चार मदतनीस प्रोसेस, म्हणजे मागे चालत राहणारे प्रोग्राम, होत्या: डेटाबेसशी सुरक्षित जोडणी करून देणारा प्रॉक्सी, लॉग उचलून दुसरीकडे पाठवणारा, विनाखिडकी (पडद्यावर न दिसणारा) ब्राउझर वापरून पीडीएफ बनवणारा आणि संदेश पाठवणारा. या सर्वांवर सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समधील प्रोसेस सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, देखरेख होती. एखादी प्रोसेस पडली तर ती पुन्हा उभी केली जात असे आणि त्याची नोंद राहत असे. पुढे सेवा कुबरनेटीसवर (कंटेनर, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारे सामान एकत्र घातलेले बंदिस्त डबे, अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा) हलवताना वेळ कमी होता, म्हणून पाचही प्रोसेस एकाच इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात, घातल्या गेल्या आणि सुरुवातीला चालणाऱ्या बारा ओळींच्या एका शेल स्क्रिप्टने चार मदतनीस मागे सोडून शेवटी वेब ॲप सुरू करावे, अशी व्यवस्था झाली. प्रोसेस जशाच्या तशा आल्या, पण सिस्टमडी मागेच राहिला. या स्थलांतरात देखरेख करणाराच गळाला, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही आणि पुढचे सगळे प्रकरण त्यातूनच घडले.

अडचण

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या तपासण्या वाढल्या होत्या. ऑगस्टमधील एका दुपारी, पाचला दहा मिनिटे कमी असताना, सिंहगड रस्त्यावरील केंद्रातून फोन आला. तेथील ताई म्हणाल्या, “सर, सकाळच्या काही पेशंटचे रिपोर्ट अजून ‘तयार होत आहे’ असंच दाखवतंय. काहींचे आलेत, काहींचे नाही. एका आजोबांचे डॉक्टर प्लेटलेट विचारताहेत, मी काय सांगू?” धोकादायक आकडे फोन करूनच कळवण्याची प्रयोगशाळेची पद्धत असल्यामुळे त्या आजोबांचा आकडा आधीच डॉक्टरांपर्यंत पोहोचलेला होता, परंतु ही पद्धत नसती तर काय झाले असते, हा विचार त्या संध्याकाळी आम्हा सर्वांच्या मनात होता.

पाळीवरील अभियंत्याने क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीसच्या मशीनचा समूह, पाहिला तेव्हा तक्रार करण्यासारखे काहीच दिसले नाही. तीनही पॉड (कुबरनेटीस एकत्र चालवतो तो एक किंवा अधिक कंटेनरांचा गट; आमच्या सेवेच्या अशा तीन प्रती होत्या) ‘रनिंग’ अवस्थेत होते, तयार कंटेनरांच्या रकान्यात एकास एक होते आणि रीस्टार्टच्या रकान्यात तीनही ठिकाणी शून्य होते. हेल्थ चेक वेब ॲपला विचारत होता आणि वेब ॲप व्यवस्थित उत्तर देत होते. शेवटी एकेका कंटेनरमध्ये शिरून प्रोसेसची यादी काढली, तेव्हा दुसऱ्या पॉडमध्ये वेब ॲप, प्रॉक्सी, लॉग पाठवणारा आणि संदेश पाठवणारा सापडले, पीडीएफ बनवणारा मात्र नव्हता. नोडच्या, म्हणजे तो पॉड ज्या मशीनवर होता तिच्या, कर्नल लॉगमध्ये त्याचा मृत्यू सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी नोंदवलेला होता.

कारण असे होते. पाचही प्रोसेसना मिळून १ जीबीची एकच मेमरी मर्यादा होती. रिपोर्टमधील एखादे चित्र मिळाले नाही, तर ब्राउझरचे उघडलेले पान बंद न होता तसेच राहत असे. गर्दीच्या दिवशी अशी पाने साचली, मर्यादा ओलांडली गेली आणि कर्नलने सर्वांत जड प्रोसेस मारली. आमचा क्लस्टर त्या वेळी कुबरनेटीसच्या १.२७ आवृत्तीवर होता. त्या आवृत्तीत कंटेनरमधील एखादी प्रोसेस अशी मारली गेली, तरी पहिली प्रोसेस, म्हणजे आमची शेल स्क्रिप्ट, जिवंत असेपर्यंत कंटेनर जिवंतच धरला जातो. (१.२८ पासून, नोडवर सीग्रुपची (प्रोसेसवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) दुसरी आवृत्ती असल्यास, अशा वेळी संपूर्ण कंटेनर मारला जातो. आम्ही अद्ययावत असतो तर हाच बिघाड मुका न राहता आवाज करून समोर आला असता.)

काहींचे रिपोर्ट येत होते आणि काहींचे नाही, याचेही कारण याच रचनेत होते. मान्यता मिळालेला रिपोर्ट ज्या पॉडकडे जाई, तो पॉड आपल्याच डिस्कवरील एका डिरेक्टरीत कामाची फाइल ठेवत असे. त्याच पॉडमधील पीडीएफवाला ती उचलत असे आणि तयार झालेली पीडीएफ मुख्य ॲप डेटाबेसमध्ये जमा करत असे. तीन पॉडपैकी एकाचा मदतनीस गेल्यामुळे साधारण दर तिसरा रिपोर्ट अडकत होता.

त्या संध्याकाळचा निर्णय

पाळीवरील अभियंत्याचा हात पॉड काढून टाकण्याच्या आदेशावर होता. नवा पॉड आपोआप आला असता आणि त्याच्यासोबत नवा मदतनीसही आला असता. आमच्या ज्येष्ठ सहकारी मॅडमनी त्याला थांबवले. अडकलेल्या कामांच्या फाइली कंटेनरच्या स्वतःच्या डिस्कवर होत्या आणि पॉड गेला असता तर त्याही गेल्या असत्या. त्यामुळे आधी संपूर्ण डिरेक्टरी बाहेर उतरवून घेतली, मग पॉड काढला आणि उतरवलेली कामे नव्याने दाखल केली. रात्री आठच्या आत सर्व रिपोर्ट रुग्णांपर्यंत पोहोचले. संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय मी याला मानतो, कारण घाईच्या क्षणी दुरुस्तीचा म्हणून जो उपाय हाताशी होता, तोच पुरावा आणि काम दोन्ही पुसून टाकणारा होता.

त्याच रात्री एक तात्पुरता उपायही केला. स्क्रिप्टमध्ये बदल करून पाचपैकी कोणतीही प्रोसेस संपली की स्क्रिप्टही संपावी, म्हणजे कंटेनर पडेल आणि कुबरनेटीस तो पुन्हा उभा करेल, अशी सोय केली. त्यासोबत जुन्या एका कोड्याचाही उलगडा झाला. प्रत्येक डिप्लॉयच्या, म्हणजे नवी आवृत्ती चढवण्याच्या, वेळी जुना पॉड बंद व्हायला नेमकी ३० सेकंदे लागत आणि बाहेर पडण्याचा क्रमांक १३७ येत असे. आम्ही ते ‘ॲप जड आहे’ म्हणून सोडून दिले होते. प्रत्यक्षात बंद होण्याचा संकेत, म्हणजे सिगटर्म, शेल स्क्रिप्टला मिळत होता आणि ती तो खाली पोहोचवत नव्हती. ३० सेकंदांची ठरलेली मुदत संपल्यावर सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणारा संकेत, येऊन सर्वजण एकदम मरत होते. संकेताने मेलेल्या प्रोसेसचा क्रमांक १२८ अधिक त्या संकेताचा क्रमांक असा असतो; सिगकिलचा क्रमांक ९, म्हणून १२८ अधिक ९ म्हणजे १३७. याचा अर्थ, गेले अनेक महिने प्रत्येक डिप्लॉय अर्धवट पीडीएफ आणि चालू विनंत्या तोडत आला होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय कंटेनरच्या आतच प्रोसेसवर देखरेख करणारा सुपरवायझरडी आणण्याचा होता. एका दिवसात काम झाले असते आणि पडलेला मदतनीस आतल्या आत उभा राहिला असता. पण मेमरीची मर्यादा सामाईकच राहिली असती आणि आतली पडझड क्लस्टरला पूर्वीसारखीच दिसली नसती. दुसरा पर्याय त्या रात्रीची स्क्रिप्ट कायम ठेवण्याचा होता. ती प्रामाणिक होती, परंतु तिच्या हिशेबाने लॉग पाठवणाऱ्याला ठेच लागली तरी रुग्णांचे लॉगिन बंद पडणार होते, आणि हे मान्य होण्यासारखे नव्हते. तिसरा पर्याय प्रत्येक मदतनीसाला त्याच पॉडमध्ये स्वतंत्र कंटेनर देण्याचा, म्हणजे साइडकारचा होता. एका पॉडमधील कंटेनर एकच नेटवर्क वापरतात, त्यामुळे प्रॉक्सीचा पत्ता न बदलता चालला असता; डिरेक्टरी सामाईक व्हॉल्यूमवर ठेवता आली असती आणि प्रत्येकाला आपापली मेमरी मर्यादा, आपापला हेल्थ चेक व आपापली रीस्टार्टची नोंद मिळाली असती. चौथा पर्याय काही मदतनीसांना पॉडबाहेर काढून स्वतंत्र डिप्लॉयमेंट, म्हणजे आपापल्या पॉडांचा वेगळा संच, करण्याचा होता. त्यासाठी पीडीएफची देवाणघेवाण डिस्कऐवजी रांगेतून आणि ऑब्जेक्ट स्टोरेजमधून (नेटवर्कवरील फाइलींच्या सामाईक कोठारातून) करावी लागणार होती, म्हणजे कोड बदलावा लागणार होता.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. उत्सवाच्या काळात मध्यवर्ती पेठांतील रस्ते बंद असतात, प्रयोगशाळेची माणसे रजेवर असतात आणि त्या दहा दिवसांत मोठा बदल करू नये, असे ठरलेले होते. म्हणून ‘गणपतीच्या आधी उरकून घेऊ’ असे म्हणत आम्ही तिसरा पर्याय निवडला आणि चारही मदतनीस सरसकट साइडकार केले. चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे बैठकीत एकदा बोलले गेले होते. पण चौथ्या पर्यायाला तीन आठवडे लागतील, हे ऐकल्यावर त्यावरची चर्चा थांबली. ती थांबायला नको होती.

पहिली कृती आणि तिचे परिणाम

सुरुवातीचे दोन दिवस समाधानाचे गेले. पीडीएफवाला पडला की रीस्टार्टचा आकडा वाढत होता, सूचना येत होती आणि कामाच्या फाइली पॉडच्या व्हॉल्यूमवर असल्यामुळे कंटेनर पुन्हा उभा राहिल्यावर त्याला सापडत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटीच्या नमुन्यांच्या ऐन गर्दीत, पीडीएफचे कंटेनर वारंवार पडू लागले. कुबरनेटीस अशा कंटेनरला दर खेपेला अधिक वेळ थांबवून उभा करतो: आधी १० सेकंद, मग २०, मग ४०, असे वाढत ५ मिनिटांपर्यंत. आणि पॉडमधील एक जरी कंटेनर तयार नसला, तरी संपूर्ण पॉड तयार नसल्याचे धरले जाऊन त्याच्याकडे येणारी वाहतूक थांबवली जाते. नवे रिपोर्ट बनत नव्हते, हे समजण्यासारखे होते. परंतु ज्यांचे रिपोर्ट आदल्या दिवशीच तयार झाले होते, त्यांनाही आता आत शिरता येत नव्हते. आधीच्या रचनेत मदतनीस गुपचूप मरत होता. या रचनेत तो जाताना निरोगी ॲपलाही बाजूला सारत होता. मर्यादा तातडीने वाढवून आम्ही ती सकाळ निभावली.

दुसरा परिणाम डिप्लॉयच्या वेळी दिसला. पॉड बंद होताना सर्व साध्या कंटेनरांना सिगटर्म एकाच वेळी मिळतो. वेब ॲप हातातल्या विनंत्या पूर्ण करत असतानाच प्रॉक्सी निघून जात होता आणि शेवटच्या काही विनंत्या डेटाबेसची जोडणी नाकारल्याची त्रुटी देत होत्या. प्रॉक्सीने थोडे थांबून जावे म्हणून त्याच्या बंद होण्यापूर्वीच्या हुकमध्ये (तेव्हा चालवायच्या आदेशाच्या जागी) स्लीपचा, म्हणजे नुसते थांबण्याचा, आदेश घातला, तर तो चालेना, कारण त्या इमेजमध्ये ना शेल होता ना स्लीप.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर होता आणि तो सर्वांत उशिरा कळला. रोज पहाटे दोनला एक ताळमेळ जॉब चालत असे; अडकलेले रिपोर्ट शोधून पुन्हा रांगेत लावणे हे त्याचे काम होते. नव्या रचनेत त्यालाही प्रॉक्सीचा साइडकार जोडला होता. जॉबचा मुख्य कंटेनर आपले काम करून संपत होता, प्रॉक्सी मात्र चालूच राहत होता, आणि पॉडमधील एक जरी साधा कंटेनर चालू असेपर्यंत जॉब पूर्ण झाला असे मानले जात नाही. आधीचा जॉब संपल्याशिवाय पुढचा सुरू करू नये, अशी आमचीच सेटिंग होती. परिणामी पहिल्या रात्रीचा जॉब ‘नॉट रेडी’ अवस्थेत, दोनपैकी एक कंटेनर घेऊन, तसाच उभा राहिला आणि पुढच्या रात्रींचे जॉब सुरूच झाले नाहीत. अडचणीच्या वेळी झेलण्यासाठी जे जाळे धरले होते, तेच आम्ही दुरुस्तीच्या नावाखाली काढून ठेवले होते. ही गोष्ट उत्सवाच्या मधल्या दिवसांत एका सहकाऱ्याला वेगळेच काही शोधताना दिसली. तिने तो पॉड हाताने बंद केला, जॉब चालवला आणि तोवर मागे राहिलेले सर्व रिपोर्ट त्या एकाच खेपेत पुढे सरकले.

दुसरी मांडणी

विसर्जनानंतरच्या आठवड्यात आम्ही फळ्यासमोर पुन्हा बसलो. या वेळी मॅडमनी चारही मदतनिसांची नावे लिहून प्रत्येकासमोर एकच प्रश्न मांडला: हा गेला तर कोणी जायचे? त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न होते. मुख्य ॲपचे पॉड वाढले तर यानेही वाढावे का, आणि याला ॲपशी त्याच पॉडच्या आत बोलणे खरोखर भाग आहे का? एरवी लांबत जाणारी चर्चा या प्रश्नांमुळे तासाभरात संपली, असे माझ्या वहीतील नोंद सांगते.

प्रॉक्सीचे उत्तर स्पष्ट होते. त्याच्याशिवाय ॲप निरुपयोगी आहे, प्रत्येक पॉडला तो हवाच आणि तो ॲपच्या आधी उठून ॲपनंतर निजला पाहिजे. म्हणून तो एकटा साइडकार राहिला, मात्र कुबरनेटीसच्या नव्या, अंगभूत पद्धतीने. ही सोय १.२८ मध्ये प्रायोगिक म्हणून आली, १.२९ पासून ती मूळ सेटिंगमध्येच चालू असते आणि १.३३ मध्ये ती स्थिर झाली. यात साइडकार इनिट कंटेनरांच्या, म्हणजे आधी सुरू करायच्या कंटेनरांच्या, यादीत लिहितात आणि त्याची रीस्टार्ट पॉलिसी ‘ऑलवेज’ (नेहमी) ठेवतात. असा कंटेनर मुख्य कंटेनरच्या आधी सुरू होतो, मुख्य कंटेनर संपल्यावर बंद होतो आणि जॉब पूर्ण होण्याच्या आड येत नाही. आमच्या तीनपैकी दोन दुखण्यांवर हे थेट औषध होते. त्यासाठी क्लस्टर १.२७ वरून आधी १.२८ आणि मग १.२९ असा एकेक पायरीने न्यावा लागला, आणि ते ऑक्टोबरमध्ये केले. येथे एक चूक चाचणीत सापडली: स्टार्टअप प्रोब, म्हणजे सुरुवातीची तयारी तपासणारी चाचणी, दिला नाही, तर साइडकारची प्रोसेस नुसती सुरू झाली एवढ्यावरच पुढचा कंटेनर सुटतो, तो जोडणी स्वीकारण्यास तयार आहे की नाही हे पाहिले जात नाही. प्रोब दिल्यावर ॲपच्या पहिल्या काही सेकंदांतील जोडणीच्या त्रुटी थांबल्या.

लॉग पाठवणाऱ्याला पॉडमध्ये राहण्याचे कारणच उरले नाही. ॲप फाइलऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर लिहू लागले आणि प्रत्येक नोडवर एक या हिशेबाने डेमनसेटमधून चालणारा फ्लुएंट बिट हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम ते उचलू लागला.

पीडीएफवाला स्वतंत्र डिप्लॉयमेंट झाला, आणि खरे कष्ट येथे लागले. कामाची फाइल जाऊन रांग आली, तयार पीडीएफ ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जाऊ लागली आणि डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता राहिला. त्याला स्वतःची मेमरी मर्यादा मिळाली, ठरावीक संख्येने रिपोर्ट झाले की ब्राउझर बंद करून नवा उघडण्याची सोय झाली, आणि बंद होण्याची मुदत ३० वरून १२० सेकंद केली, म्हणजे हातातला रिपोर्ट पूर्ण करूनच तो जाऊ शकतो.

संदेश पाठवणारा बाहेर काढताना एक जुनी तक्रारही निकाली निघाली. तीन पॉडमध्ये तीन पाठवणारे असल्यामुळे दोघे कधी कधी एकच नोंद उचलत आणि रुग्णाला तोच संदेश दोनदा जात असे. आता पोस्टग्रेसमधून, म्हणजे आमच्या डेटाबेसमधून, नोंदी उचलताना त्यांना कुलूप लावले जाते आणि दुसऱ्याने कुलूप लावलेली नोंद वगळली जाते; ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ ही सोय ९.५ आवृत्तीपासून त्यात आहे आणि आम्ही ती पहिल्या दिवसापासून वापरू शकलो असतो.

वेब ॲपच्या कंटेनरमधून शेल स्क्रिप्ट पूर्णपणे गेली. वेब ॲप चालवणारा गनिकॉर्न हा सर्व्हर आता थेट पहिली प्रोसेस म्हणून चालतो, सिगटर्म त्यालाच मिळतो, आणि वाहतूक वळवली जाण्यास अवधी मिळावा म्हणून बंद होण्यापूर्वी पाच सेकंदांचा थांबा ठेवला आहे.

निष्पत्ती

नोव्हेंबरपासून ही रचना चालू आहे. डिप्लॉयच्या वेळी १३७ हा क्रमांक दिसत नाही. पीडीएफवाला पुढच्या पावसाळ्यातही पडला; पण तो पडल्याची सूचना मिनिटभरात आली, त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, अर्धवट काम रांगेत परत गेले आणि त्या काळात जुने रिपोर्ट पाहणाऱ्यांना काहीही जाणवले नाही. खर्चाची बाजूही सांगायला हवी: सांभाळण्याच्या इमेज एकाच्या चार झाल्या आणि रांग व ऑब्जेक्ट स्टोरेज या दोन नव्या गोष्टी पडू शकणाऱ्यांच्या यादीत आल्या. सहा जणांच्या गटासाठी हे ओझे लहान नाही.

वेगळे काय करता आले असते

सामाईक डिरेक्टरी हीच पीडीएफवाल्याला मुख्य ॲपच्या घरात बांधून ठेवणारी गाठ होती, आणि ती आधी सोडवली असती तर सप्टेंबरमधील पहिली मांडणी करावीच लागली नसती. उत्सवापूर्वी उरकण्याच्या घाईत आम्ही तीन आठवडे वाचवले, असे वाटले होते. प्रत्यक्षात ते काम ऑक्टोबरमध्ये करावेच लागले आणि मधली एक सकाळ रुग्णांना भोगावी लागली. त्या रात्रीची तात्पुरती स्क्रिप्ट महिनाभर तशीच ठेवून सरळ चौथ्या पर्यायाकडे जाणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. ताळमेळ जॉबसारख्या सुरक्षेच्या कामाला हात लावल्यावर तो रात्री खरोखर पूर्ण झाला का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी पाहायला हवे होते. तशी जबाबदारी कोणालाच दिलेली नव्हती.

मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट मात्र कंटेनरांच्या रचनेची नाही. मान्यता मिळूनही तयार न झालेला सर्वांत जुना रिपोर्ट किती मिनिटांचा आहे, हे डेटाबेसला विचारणारी एक ओळीची क्वेरी आम्ही ऑक्टोबरमध्ये लावली आणि पंधरा मिनिटांची मर्यादा ओलांडली की पाळीवरील माणसाचा फोन वाजेल, अशी व्यवस्था केली. या क्वेरीला पॉड, साइडकार, आवृत्ती यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज नाही आणि जुन्या शेल स्क्रिप्टच्या काळातही ती तशीच चालली असती. ऑगस्टमधील त्या दिवशी मदतनीस ११ वाजून ४२ मिनिटांनी गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या ताईंचा फोन ४ वाजून ५० मिनिटांनी आला. क्वेरी लावलेली असती, तर आमचा फोन दुपारचे साडेबारा वाजायच्या आत वाजला असता.